अमेरिकेतल्या बंदुका आणि त्यांचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेले आईवडील, एमएस करायला निघालेले विद्यार्थी, टीव्हीवर गोळीबाराची बातमी दिसली की लगेच "तुमच्या जवळ आहे का रे हे?" असा मेसेज टाकणारे काका-मावश्या, या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या बाजू तराजूत तोलून सारख्या मांडायचा आव मात्र आणलेला नाही. माझे मत जिथे आहे तिथे ते मत म्हणून ओळखू येईल.

अमेरिकेत एकूण बंदुका किती?

माणसांपेक्षा जास्त. जिनिव्हातल्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ साली काढलेला अंदाज असा, की अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. दर शंभर माणसांमागे १२०. यात पोलीस आणि लष्कर धरलेले नाही. अंदाज म्हणायचे कारण, देशभरातल्या बंदुकांची एकत्र नोंदवहीच नाही. उलट १९८६ चा एक कायदा केंद्र सरकारला अशी नोंदवही करायला मनाई करतो.

म्हणजे घरोघरी बंदूक असते?

नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी स्वतःची बंदूक असल्याचे सांगितले. दहापैकी साधारण चार जणांच्या घरात बंदूक आहे. बाकीच्यांकडे एकही नाही आणि काहींच्या कपाटात डझनभर आहेत. सरासरी १२० येते ती अशी.

हा हक्क आला कुठून?

राज्यघटनेतून. १७९१ साली घटनेला एकदम दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यातली ही दुसरी. तिचा आशय असा: सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रे बाळगण्याच्या आणि वागवण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही.

सगळे भांडण या एका वाक्यात आहे. पहिला भाग मिलिशियाबद्दल बोलतो, म्हणजे वेळ पडली की नांगर सोडून बंदूक उचलणाऱ्या गावकऱ्यांच्या फौजेबद्दल. दुसरा भाग लोकांच्या हक्काबद्दल बोलतो. ब्रिटिश राजाच्या खड्या फौजेचा अनुभव ताजा होता. उद्या आपलेच केंद्र सरकार तशी फौज घेऊन राज्यांच्या उरावर बसेल, ही भीती खरी होती. मग हक्क मिलिशियापुरता की प्रत्येक माणसाचा? १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'मिलर' खटल्यात आखूड नळीच्या छऱ्याच्या बंदुकीचा मिलिशियाशी संबंध दिसत नाही म्हणून तिच्यावरचे नियंत्रण मान्य केले. त्यानंतर बराच काळ खालच्या न्यायालयांनी मिलिशियाचा अर्थच प्रमाण मानला.

२००८ साली ते उलटले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून पिस्तूल बाळगायला जवळजवळ पूर्ण बंदी होती. 'हेलर' खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती मोडीत काढली आणि स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे सांगितले. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी. त्याच निकालात त्यांनी हेही लिहिले, की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती यांबाबतची बंधने चालू राहतील. बंदूकवाले पहिला भाग सांगतात, विरोधक दुसरा. २०१० च्या 'मॅकडोनाल्ड' निकालाने हाच हक्क राज्यांना आणि शहरांनाही बंधनकारक झाला.

मग २०२२ मध्ये आणखी काय बदलले? इतकी चर्चा का झाली?

न्यूयॉर्कमध्ये एक जुना कायदा होता. घराबाहेर लपवून पिस्तूल वागवायचे तर "मला खास धोका आहे" हे दाखवावे लागे. जून २०२२ मध्ये 'ब्रूएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो रद्द केला. पण खरी गोष्ट निकालाच्या कसोटीत आहे. एखादा निर्बंध आज उपयोगी आहे का, त्याने जीव वाचतात का, हे न्यायालयाने बघायचेच नाही. तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, एवढेच बघायचे.

परिणाम असा, की एखाद्या राज्याने मॅगझीनमध्ये, म्हणजे बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या पेटीत, किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा घातली, की सरकारी वकील अठराव्या शतकातले बंदुकीच्या दारूच्या साठवणीचे नियम धुंडाळत बसतात. ठासणीच्या बंदुकांच्या काळात त्या प्रश्नाचे उत्तर असणार तरी कसे? खालच्या न्यायाधीशांनीही निकालपत्रांत यावर उघड कुरकुर केली आहे. जून २०२४ मध्ये 'रहीमी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जरा नमते घेतले. कौटुंबिक हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते, असे ८ विरुद्ध १ मतांनी ठरले. जुना कायदा तंतोतंत जुळायला नको, त्यामागचे तत्त्व जुळले तरी पुरे, असा खुलासा झाला.

दुकानात गेले की लगेच मिळते का बंदूक?

कुठल्या राज्यात आहात त्यावर आहे. परवानाधारक दुकानदाराकडून घेताना एक केंद्रीय फॉर्म भरावा लागतो आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमची तपासणी करून घेतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने ही पद्धत आली. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले, कायदा त्यांच्या नावाचा. बहुतेक तपासण्या काही मिनिटांत आटोपतात. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते याच फटीतून.

आणि ही तपासणी फक्त परवानाधारक विक्रेत्याला लागू. शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली तर केंद्रीय कायदा काही विचारत नाही. काही राज्यांनी ही फट बुजवली आहे, बऱ्याच राज्यांनी नाही.

आपली मंडळी जिथे जास्त आहेत ती दोन राज्ये बघा. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनवाल्यांच्या राज्यात, आधी बोटांचे ठसे, पोलिसांकडून ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना लागतो. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरचा, कायद्याने अपात्र नसलेला माणूस कुठल्याही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतो. अशी परवान्याविना मुभा देणारी राज्ये २०२४ पर्यंत २९ झाली.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतो का?

अनेकदा नाही. २०१३ साली पेन्सिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेली एक तरुण आई गाडीने न्यू जर्सीत आली. वाहतूक पोलिसाने थांबवले तेव्हा तिने आपण होऊनच सांगितले, की पर्समध्ये पिस्तूल आहे. तिला अटक झाली आणि कित्येक वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली तेव्हा प्रकरण संपले. बंदूक हक्कवाले हे उदाहरण सतत देतात आणि मला वाटते, देण्यासारखे आहे.

दरवर्षी इतकी माणसे मरतात, ती सगळी अशा सामूहिक गोळीबारांत?

हाच सर्वात मोठा गैरसमज. सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ माणसे गेली. त्यातल्या २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त. १७,९२७ खून. अपघाताने चाप ओढला जाऊन गेलेले पाचशेच्या आत. शाळा, मॉल, प्रार्थनास्थळ यांतल्या ज्या घटना आपल्यापर्यंत पोचतात, त्यांत गेलेल्यांचा वाटा एकूण आकड्यात फार लहान आहे.

आत्महत्यांचा आकडा कुणाच्याच घोषणेत बसत नाही. गेलेल्यांत खेड्यापाड्यातले, एकटे राहणारे, मध्यमवयीन आणि म्हातारे पुरुष फार. मोंटाना, वायोमिंग अशा विरळ वस्तीच्या राज्यांत खून कमी, पण बंदुकीने मरणाऱ्यांचे प्रमाण मोठे, ते यामुळे. आत्महत्येचा विचार पुष्कळदा तासाभरात ओसरणारा असतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाला बहुतेक वेळा वाचवता येते. बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा जीव घेतो. त्या एका तासात घरातले पिस्तूल कुलुपात आहे की उशाच्या खणात, यावर सगळे ठरते. माझ्या मते या वादातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, आणि टीव्हीवरच्या चर्चेत तो सहसा येत नाही.

(तुमच्या ओळखीचे कोणी तिथे अशा अवस्थेत असेल तर ९८८ हा नंबर देशभर चालतो. फोन किंवा मेसेज, दोन्ही.)

मग सगळा आरडाओरडा एआर-१५ या रायफलवरच का?

कारण तीच डोळ्यांपुढे राहते. २०१२ साली कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे, २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलँडला १७, मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डी इथे १९ मुले आणि २ शिक्षिका. तिन्ही ठिकाणी याच धाटणीच्या रायफली होत्या. ज्यांनी त्या खोल्या पाहिल्या त्यांना "एकूण आकड्यात हा वाटा लहान आहे" हे ऐकवणे क्रूर वाटते. ते मी समजू शकतो.

पण हिशेब हिशेबाच्या जागी. बंदुकीने होणाऱ्या खुनांत प्रकार माहीत असलेल्यांपैकी बहुतेक साध्या पिस्तुलांनी होतात. सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून काही टक्के. एआर-१५ दर वेळी चाप ओढला की एकच गोळी सोडते. मशीनगन नव्हे. सामान्य माणसाला नवी मशीनगन मिळणे १९८६ पासून बंद आहे. 'असॉल्ट वेपन' कशाला म्हणायचे याची व्याख्या प्रत्येक कायद्याने आपापली केली. १९९४ च्या केंद्रीय बंदीत संगीन लावायची सोय, घडीचा दस्ता असल्या लक्षणांवरून यादी ठरली होती. कारखानदारांनी लक्षणे बदलली आणि तीच बंदूक विकली. बंदीला दहा वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये ती संपली, पुन्हा आली नाही. त्या कायद्यात मॅगझीनला दहा गोळ्यांची मर्यादा होती, तो भाग मला जास्त अर्थाचा वाटतो. गोळ्या संपून मॅगझीन बदलायला थांबलेल्या माणसावर लोकांनी झडप घातल्याची उदाहरणे आहेत.

२०१७ साली लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला. ६० माणसे गेली. हल्लेखोराने 'बंप स्टॉक' हे जोड साधन लावून जवळजवळ मशीनगनसारखा मारा केला होता. ट्रम्प सरकारने त्यावर बंदी आणली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी उडवली. कारण, मशीनगनच्या कायदेशीर व्याख्येत ते बसत नाही. संसदेला हवे तर व्याख्या बदलावी.

लहान मुले मेली तरी कायदा होत नाही, हे कसे?

लोकांना नको आहे म्हणून नव्हे. प्रत्येक विक्रीच्या वेळी तपासणी व्हावी याला पाहण्यांमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाठिंबा असतो, त्यात बंदूक बाळगणारेही आले.

पहिले कारण सिनेट, म्हणजे संसदेचे वरचे सभागृह. तिथे वायोमिंगचे सहा लाखांहून कमी लोक दोन सदस्य पाठवतात आणि कॅलिफोर्नियाचे चार कोटींच्या घरातले लोकही दोनच. शिवाय बहुतेक विधेयकांना १०० पैकी ६० मते लागतात. सँडी हूकनंतर एप्रिल २०१३ मध्ये तपासणी वाढवायचा मँचिन-टूमी प्रस्ताव मताला आला. बाजूने ५४, विरोधात ४६. बहुमत होते आणि प्रस्ताव पडला.

दुसरे कारण राजकारणाचे. तपासणीला पाठिंबा देणारा मतदार मत देताना शाळा, कर, आरोग्य असे दहा मुद्दे बघतो. बंदूक काढून घेतली जाईल अशी भीती असलेला माणूस तो एकच मुद्दा बघतो, आमदाराला फोन करतो, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीच्या मतदानाला न चुकता जातो. ८५ टक्क्यांची पसंती त्या जिद्दीपुढे फिकी पडते.

अगदीच काही झाले नाही असेही नाही. युव्हाल्डीनंतर महिन्याभरात, जून २०२२ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त तपासणी, राज्यांना निधी, दुसऱ्याच्या नावाने बंदूक घेऊन देण्याला कडक शिक्षा. मोठी झेप नव्हे, पण झाले. २०२५ मध्ये वारे पुन्हा उलटे फिरले. सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा १९३४ पासूनचा २०० डॉलरचा कर संसदेने शून्यावर आणला.

एनआरए म्हणजे नक्की काय? तीच सगळे चालवते का?

नॅशनल रायफल असोसिएशन. १८७१ साली यादवी युद्धातून परतलेल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी काढली, कारण सैनिकांचा नेम फार वाईट होता. पुढची शंभर वर्षे ती नेमबाजी आणि शिकार यांचीच संस्था राहिली. १९३४ आणि १९६८ च्या नियंत्रण कायद्यांशी तिने वाटाघाटी केल्या. १९७७ साली सिनसिनाटीच्या अधिवेशनात कट्टर गटाने रात्रभर सभा चालवून जुनी मंडळी बाहेर काढली. आजची एनआरए त्या रात्रीची.

आता तिची ताकद पूर्वीची नाही. अनेक वर्षे संस्था चालवणाऱ्या वेन लापिएर यांनी जानेवारी २०२४ मध्ये पद सोडले आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संस्थेच्या पैशांच्या गैरवापराबद्दल त्यांना जबाबदार धरले. तरी कायदे काही सैल व्हायचे थांबले नाहीत. म्हणजे जोर संस्थेचा होता त्याहून जास्त तिच्यामागच्या मतदारांचा होता.

बंदूक बाळगणाऱ्यांचे म्हणणे तरी काय असते? ती माणसे वेडी आहेत का?

वेडी नाहीत. शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांचे म्हणणे कळत नाही, एवढेच. बंदूक का घेतली, याला प्यूच्या पाहणीत ७२ टक्के मालकांनी संरक्षण हे मोठे कारण सांगितले. मोंटानात किंवा पश्चिम टेक्सासमध्ये रात्री दोनला शेरीफला फोन केला तर गाडी यायला पाऊण तास लागू शकतो. तोवर दारात जो उभा आहे त्याचे काय करायचे, या प्रश्नाला नियंत्रणवाल्यांकडे चांगले उत्तर नाही.

आणि पोलीस आलेच पाहिजेत असेही नाही. १९९९ साली कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात एका बाईच्या नवऱ्याने, त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम असताना, तिन्ही मुली उचलून नेल्या. ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली. पोलिसांनी काही केले नाही आणि त्याने मुलींना मारले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले, की मनाई हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा तिचा घटनात्मक हक्क नाही. हा निकाल वाचल्यावर "पोलीस आहेत ना" म्हणणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नसते. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना बंदूक बाळगायला बंदी करणारे कायदे केले. त्यांच्यावर रात्री घोड्यावरून चालून येणाऱ्या कू क्लक्स क्लानच्या गोऱ्या बुरखेवाल्यांकडे बंदुका होत्याच. १९५६ मध्ये माँटगमेरीत मार्टिन ल्युथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. अहिंसेच्या पुढाऱ्याने तो मागितला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६७ साली कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्यानंतर उघड्यावर भरलेली बंदूक बाळगायला बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, आणि एनआरएचा त्याला पाठिंबा होता. नियंत्रण कुणावर करायचे, हा प्रश्न त्या देशात कधीच निव्वळ बंदुकीचा नव्हता.

यावर माझे उत्तर एवढेच, की घरातली बंदूक अनोळखी चोरापेक्षा घरच्याच माणसाला लागण्याची शक्यता जास्त असते. स्वसंरक्षणासाठी वर्षाला किती वेळा बंदूक वापरली जाते याचे अंदाज साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत. ज्या आकड्यात इतकी तफावत, त्यावर कुणीच फार छाती काढून बोलू नये.

शिकागोत कडक कायदे असूनही खून होतातच ना? मग कायद्यांचा उपयोग काय?

शिकागोच्या हद्दीपासून इंडियाना राज्य गाडीने थोड्या मिनिटांवर आहे आणि तिथले कायदे सैल आहेत. गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला तर पुष्कळ तिकडून आलेल्या निघतात. शिवाय शिकागोचे नाव गाजते म्हणून ते सर्वात वाईट असे नाही. बंदुकीने मरणाऱ्यांचे लोकसंख्येशी प्रमाण सर्वाधिक असणाऱ्या राज्यांत मिसिसिपी आणि लुइझियाना येतात. सर्वात कमी असणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्स, हवाई, न्यू जर्सी. गरिबी, वस्तीची घनता यांचाही यात हात आहे, पण कायद्याचा काहीच नाही असे म्हणता येत नाही.

ऑस्ट्रेलियाने बंदुका गोळा केल्या, तसे अमेरिका का करत नाही?

ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथे घटनेत हक्क नव्हता. अमेरिकेत हक्क आहे, बंदुका चाळीस कोटींच्या घरात आहेत आणि कुणाकडे किती याची यादी नाही. ते होणार नाही. यावर वेळ घालवणारे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या समर्थकांकडून देणग्या गोळा करत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग कशाने फरक पडतो?

रँड कॉर्पोरेशन अनेक वर्षे या विषयावरचे संशोधन चाळून कुठला निष्कर्ष भक्कम, कुठला कच्चा हे सांगते. त्यातला भक्कम भाग रूक्ष आहे. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंदूक ठेवायला भाग पाडणाऱ्या कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात. 'पाय मागे घेण्याची गरज नाही', म्हणजे निघून जाता येत असले तरी हल्लेखोरावर गोळी झाडायची मुभा, अशा धर्तीच्या, फ्लोरिडाने २००५ मध्ये आणलेल्या कायद्यांनी खून वाढतात. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याची सोय वीसहून अधिक राज्यांत आहे. कनेटिकटने ती १९९९ मध्येच सुरू केली.

शिक्षेच्या बाजूनेही हालचाल आहे. २०२१ साली मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले. पिस्तूल आईवडिलांनी चार दिवस आधी त्याच्यासाठी घेतले होते. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या गोळीबारासाठी पालकांना अशी शिक्षा होण्याची ही पहिलीच वेळ.

भारतीयांना धोका जास्त आहे का?

रोजच्या आयुष्यात जो धोका इतरांना तोच. रात्रपाळीला पेट्रोल पंप, दारूचे दुकान, मोटेल सांभाळणाऱ्यांना मात्र नक्की जास्त, आणि त्यात आपले लोक, विशेषतः गुजराती, बरेच आहेत. २००७ च्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या ३२ बळींमध्ये मुंबईची एक विद्यार्थिनी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारावर हल्ला झाला. २०१७ मध्ये कॅन्सस राज्यात एका बारमध्ये हैदराबादच्या इंजिनिअरला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत गोळी घातली गेली. शेवटच्या दोन्ही ठिकाणी माणसे मारली गेली ती कोण आहेत म्हणून.

मी एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर आहे. मला बंदूक घेता येईल का?

साधारणपणे नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे ठरावीक मुदतीच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे. टेक्सासमध्ये राहत असलात तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

याला एक गमतीदार अपवाद आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकारीचा परवाना असला तर बंदी उठते. म्हणजे ज्याने आयुष्यात सशावरही दगड मारला नाही तो शिकारीचा परवाना काढून पिस्तुलाच्या दुकानात जाऊ शकतो. मित्रांच्या सांगण्यावरून हा मार्ग धरू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. चूक झाली तर दंडावर भागत नाही, परत पाठवणी होऊ शकते. ज्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे तिथेही गांजा ओढणाऱ्याने बंदूक बाळगणे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवा.

सुट्टीत लास व्हेगासला शूटिंग रेंजवर जावे का?

तोच कायदा. रेंजवर हातात घेतलेली बंदूकही 'बाळगणे' ठरू शकते, आणि बी-२ चा पर्यटक व्हिसाही नॉन-इमिग्रंटच. रेंजवाला विचारणार नाही, जबाबदारी तुमची.

विद्यापीठात वर्गात कुणाकडे बंदूक असू शकते का?

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत हो. परवानाधारकांना १ ऑगस्ट २०१६ पासून लपवलेले पिस्तूल आवारात नेता येते. ऑस्टिनच्या विद्यापीठात मनोऱ्यावरून झालेल्या १९६६ च्या गोळीबाराला त्याच दिवशी पन्नास वर्षे झाली होती, ही तारीख कुणाच्या कशी लक्षात आली नाही कोण जाणे. खासगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा आहे आणि बहुतेकांनी ती वापरली.

मुलांच्या शाळेत 'लॉकडाऊन ड्रिल' असते म्हणे. काय करतात?

दार लावायचे, दिवे घालवायचे, भिंतीच्या कोपऱ्यात चूप बसायचे. बालवाडीतल्या मुलांनाही करावे लागते. घरी आल्यावर मूल काही बोलले तर ऐकून घ्या. आजीआजोबांनी फोनवर खोदून विचारू नये.

मूल मित्राकडे खेळायला जाणार आहे. त्यांच्याकडे बंदूक आहे का, हे विचारणे वाईट दिसेल का?

नाही. तिथले बालरोगतज्ज्ञही विचारायला सांगतात. मेसेजमध्ये दाण्याची ॲलर्जी, कुत्रा आहे का, हे विचारतोच, त्यालाच जोडून: "घरात बंदूक असेल तर ती कुलुपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात ना?" जबाबदार मालकाला याचा राग येत नाही. आला तर मुले तुमच्याकडे खेळू देत.

पोलिसांनी गाडी थांबवली तर?

हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. कागद काढायला खणात हात घालण्याआधी सांगा. आपल्याकडच्यासारखे गाडीतून उतरून हवालदाराकडे चालत जाऊ नका. ज्या देशात कुणाहीकडे पिस्तूल असू शकते, तिथला पोलीस तसे धरूनच चालतो.

कुणी आठवण म्हणून काडतूस दिले. भारतात आणू का?

अजिबात नको. जिवंत काडतूस सामानात सापडले तर इथे शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिले होते हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर विमान चुकते, वकील करावा लागतो, तारखा पडत राहतात. रेंजवर वापरलेले जॅकेट किंवा सॅक घेऊन येत असाल तर सगळे खिसे उलटे करून बघा.